दोन शहरांचं कोटेशन

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचं ऑफिस.
दोन टेबलं, एक पंखा,
डाव्या भिंतीवर बनारस, उजव्या भिंतीवर कांचीपुरम.
मी दोन्ही पाहिलेली नाहीत.
रोज विकते मात्र, नाश्त्यासकट.

लुमाण्णा कंग्राळकर आले डिसेंबरात,
वडगावातला शेवटचा माग भंगारात घालून.
लोखंड किलोवर गेलं, म्हणाले,
आवाजाचे कुणी पैसे दिले नाहीत.
मागे तुळजाक्का, स्वेटरवरून पदर,
पिशवीत माझ्यासाठी कुंदा.
"दोनातलं एकच परवडंल बाई.
कुठलं बरं, सांग की."

मी सवयीनं सुरू केलं.
बनारस: पुण्याला गाडी बदलायची,
जानेवारीत धुकं, सहा-सहा तास उशीर,
पण पहाटेची होडी पॅकेजातच धरलेली.
कांची: बंगळूरला बदल, ऊन बारमाही,
देवळं इतकी की चपला घालायला उसंत नाही.
तिकडे कचोरी, इकडे इडली.
तिकडे मोडकी हिंदी चालून जाईल,
इकडे हातवारे.
ज्येष्ठांना दोन्हीकडे पाच टक्के सूट.

लुमाण्णांनी चष्मा पुसला.
"नुसते रेटच सांगूलीस.
तिथल्या मागाचा आवाज कसा हाय?"

हे माझ्या कोष्टकात नव्हतं.

मग तुळजाक्का बोलायला लागली.
तीस वर्षं कांड्या भरल्या तिनं.
एका खोक्यात 'बनारस'च्या जॅकार्ड पट्ट्या,
दुसऱ्यात 'कांची'च्या,
एकावर खडूनं मराठीत लिहिलेलं, एकावर कानडीत,
ज्या दिवशी ज्याच्या हातात खडू.
बाजारात बनारस सातशेला जायचं,
कांची नऊशेला.
"दोन्ही खोटी, बग. घाम तेवढा खरा."

"कांचीला म्हणे काठ निराळा विणतात, अंग निराळं.
मागावर दोघं बसतात,
एक धोटा इकडनं, एक तिकडनं,
आणि मधी गुंतवतात.
लुगडं विरून जाईल, काठ सुटायचा न्हाई."

"आणि बनारसला?"

"बनारसला काठ नदीला,"
म्हणाले लुमाण्णा, आणि हसले.
मग हसू आवरून:
त्यांना फणी बांधायला शिकवली ती अन्वर मिस्त्रीनं,
मदनपुऱ्याचा माणूस,
दर ईदला म्हणायचा, एकदा गाव दाखवतो.
दाखवायचं राहिलं.

बाहेर गेट पडलं.
मोटरसायकली, रिक्षा, भाजीची गाडी, सगळं थांबलं.
मालगाडी जाऊ लागली, टेबलावरचा पेन थरथरला.
लुमाण्णा डोळे मिटून बसले,
डबे मोजत असावेत, किंवा दुसरंच काही.

गेट उघडलं तेव्हा म्हणाले, "कांचीचं काढ."
का, ते सांगितलं नाही.
तुळजाक्कानं विचारलंही नाही.

फेब्रुवारीत ती परत आली.
लुमाण्णा रस्त्यापलीकडे, सायकल धरून.
देवळं? "बगितली की."
इडली? "आपल्याकडचीच बरी."
मग खुर्ची पुढे ओढून:
"एक विणकर बाई भेटली, तिला कानडी यायचं.
कुठनं आलाय, विचारलं. मी म्हटलं बेळगाव.
ती म्हणाली, ते कुठं आलं?"
पदर तोंडाला लावून किती वेळ हसत राहिली.
"आख्ख्या जन्मात पहिल्यांदा कुणी 'कुठं' विचारलं बग.
'कुणाचं' न्हाई."

माझ्या कोष्टकात आता एक रकाना जास्त आहे.
कांचीपुढे लुमाण्णांचे शब्द:
हातमाग, दमानं खोकतो, म्हाताऱ्यासारखा.
बनारसपुढची जागा रिकामी.

आज सकाळी हलगेकर मास्तर आले, काशीचं विचारायला.
म्हटलं, होडीचे पैसे सोडते मास्तर,
पण मदनपुऱ्यात जाऊन
माझं एक काम कराल?